राजीनाम्यावर सही करण्याआधी

२०२० च्या एप्रिल महिन्यात कामगारांसाठी सुरू केलेल्या एका मदत-फोनवर मी रोज दुपारी बसत असे. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज इथून फोन यायचे. बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असायचं : “कंपनीनं राजीनामा लिहून मागितलाय, देऊ का?” मी विचारायचो, किती वर्षं झाली, पगारपत्रक मिळतं का, पीएफ कापतात का. पाच-सात मिनिटांत माहिती सांगून व्हायची. आणि फोन ठेवता ठेवता, आवाज खाली आणून, माणूस म्हणायचा, “आणखी एक विचारायचं होतं. रात्रीची झोपच लागत नाही हो.”

सुरुवातीला मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचो आणि दुसऱ्यासाठी समुपदेशकाचा नंबर. हे चुकतंय, हे कळायला काही आठवडे गेले. ते दोन प्रश्न नव्हतेच. नोकरी आहे की गेली हेच ज्याला कुणी सांगत नाही, त्याला दीर्घ श्वास घ्यायला सांगून झोप येत नाही. आणि चार रात्री न झोपलेला माणूस पुढे सरकवलेल्या कुठल्याही कागदावर सही करून मोकळा होतो. म्हणून साथीच्या काळात नोकरी धोक्यात आली, की कागदाचं काम आणि मनाचं काम एकाच वेळी हाती घ्यायला हवं. या लेखात दोन्ही एकत्र सांगतो आहे. करोना ओसरला म्हणून हा विषय शिळा झाला असं समजू नका. तयारीला लागणारे कागद आजच तुमच्या घरात आहेत आणि ते शांतपणे गोळा करण्याची वेळ हीच आहे.

सल्ला, आदेश आणि कायदा

मार्च २०२० मधले ते दहा-बारा दिवस आठवून पाहा. २० मार्चला केंद्रीय कामगार मंत्रालयानं मालकांना कळवलं, की कामगारांना, विशेषतः कंत्राटी आणि हंगामी कामगारांना, कामावरून काढू नये, त्यांचा पगार कापू नये. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. २९ मार्चला गृह मंत्रालयानं आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली आदेश काढला : आस्थापना बंद असली तरी कामगारांना ठरलेल्या तारखेला, कपात न करता पगार द्यायचा. त्याच आदेशात कामगार भाडेकरूंकडून महिनाभर भाडं मागू नये असंही म्हटलं होतं. ३१ मार्चला महाराष्ट्र शासनानं कंत्राटी व रोजंदारी कामगारांसह सर्वांना कामावर हजर समजून वेतन द्यावं असा निर्णय काढला. इथपर्यंत सगळं कामगाराच्या बाजूचं दिसत होतं.

मग मे महिन्याच्या मध्यावर केंद्राच्या नव्या आदेशानं २९ मार्चचा आदेश मागे घेतला गेला. त्याआधीच काही मालक सर्वोच्च न्यायालयात पोचले होते. १२ जूनला न्यायालयानं अंतरिम आदेश दिला : पगार न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई करू नये, मालक आणि कामगारांनी वाटाघाटी करून टाळेबंदीच्या दिवसांच्या पगाराचा प्रश्न सोडवावा, कामगार विभागानं त्यात मदत करावी. म्हणजे पगार बुडाला असंही नाही आणि मिळाला असंही नाही. ज्या कारखान्यात संघटना होती तिथं काहीतरी पदरात पडलं. जिथं नव्हती तिथं एकट्या माणसानं मालकाशी वाटाघाट करायची होती.

अनेकांच्या मोबाइलमध्ये २९ मार्चच्या आदेशाचा फोटो वर्षभर जपलेला होता. तो दाखवून काही मिळत नाही हे कळल्यावर त्यांचं जे व्हायचं, ते फोनवरसुद्धा ऐकू यायचं. फसवलं गेल्याची भावना पगार बुडण्यापेक्षा जास्त पोखरते. म्हणून साथीच्या काळात असा एखादा कागद हाती आला तर तीन गोष्टी बघायच्या. त्यावरची तारीख काय आहे? तो कुठल्या कायद्याखाली निघाला आहे, की नुसतं आवाहन आहे? आणि आज तो लागू आहे का? सल्ला मोडला तर शिक्षा नसते. आदेश मागे घेता येतो. कायद्यातली तरतूद मात्र टाळेबंदी उठली तरी जागेवर राहते, आणि आपण पाय रोवायचे ते तिथंच.

साथरोग कायदा १८९७ चा आहे, मुंबई-पुण्यातल्या प्लेगच्या वेळी केलेला. जेमतेम चार कलमांचा. प्लेगला भिऊन मुंबईतल्या गिरण्यांचे कामगार कोकणात आणि घाटावर गावी निघून गेले होते, तरी त्या कायद्यात मजुरीबद्दल एक शब्द नाही. सव्वाशे वर्षांनी मुंबई-नाशिक रस्त्यावर माणसं पुन्हा चालत निघाली तेव्हाही सरकारच्या हाती साथीपुरता तोच कायदा होता. ८ मे २०२० च्या पहाटे बदनापूर-करमाड दरम्यान रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यातून भुसावळकडे निघाले होते. पुढची साथ येण्याआधी या कायद्यात वेतनाचं कलम असायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

ते कसं असावं याचे नमुने जगात आहेत. ब्रिटनमध्ये मार्च २०२० पासून सप्टेंबर २०२१ पर्यंत घरी बसवलेल्या कामगाराच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २५०० पौंडांपर्यंत, सरकारनं भरायची योजना आणली. नंतर त्यातला मालकाचा वाटा वाढवत नेला, पण कामगाराच्या हातातले ८० टक्के तसेच राहिले. जर्मनीत ‘कुर्झआर्बाइट’ नावाची पद्धत शंभरेक वर्षं चालत आलेली आहे. कामाचे तास कमी करायचे, नोकरी कायम ठेवायची आणि बुडालेल्या निव्वळ पगाराचा ६० टक्के, मूल असेल तर ६७ टक्के भाग रोजगार विमा देणार. दोन्हीकडे माणूस हजेरीपटावर राहिला, आणि उद्या आपल्याला बोलावणार आहेत हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे आदेश निघाला तो मालकानं स्वतःच्या खिशातून द्यावं असा. दहा माणसांचं वर्कशॉप चालवणारा, स्वतः बँकेचे हप्ते फेडणारा मालक ते फार दिवस देऊ शकणारच नव्हता. आदेश पोकळ ठरला त्याचं मूळ तिथं आहे.

त्या एका सहीची किंमत

आता मुख्य गोष्ट. राजीनामा म्हणजे तुम्ही नोकरी सोडली. कपात म्हणजे त्यांनी तुम्हाला काढलं. माणूस दोन्ही वेळेला घरीच बसतो, पण कायद्याच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कंपन्यांना हे नीट माहीत असतं. म्हणूनच “राजीनामा द्या, पुढं अनुभवपत्र चांगलं देऊ” असं गोड बोलून सांगितलं जातं.

हिशेब करून दाखवतो. समजा, मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये आहेत आणि नोकरीची आठ वर्षं पूर्ण झाली आहेत. ग्रॅच्युइटीसाठी महिन्याचे २६ दिवस धरतात. रोजचे ७०० रुपये, वर्षाला पंधरा दिवसांचे १०,५००, आठ वर्षांचे ८४,००० रुपये. ही रक्कम पाच वर्षं पूर्ण केलेल्याला राजीनामा दिला तरी मिळते. पण कपात झाली असेल तर याखेरीज दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. ढोबळमानानं अर्धा महिना, म्हणजे ९,१०० गुणिले आठ, ७२,८०० रुपये. शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार, १८,२०० रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे : कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं पंधरा दिवसांचा पगार त्या निधीत भरायचा आणि तो कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. आणखी ९,१०० रुपये. बेरीज करा. राजीनाम्यावरच्या सहीनं या माणसाचे १,००,१०० रुपये गेले.

याच संहितेनं एक दार अरुंदही केलं आहे. पूर्वी १०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपातीआधी सरकारची परवानगी लागे. आता ही मर्यादा ३०० आहे. दीडशे-दोनशे माणसांच्या कारखान्यातल्या कामगारानं हे लक्षात ठेवावं, कारण ‘सरकारला विचारल्याशिवाय काढताच येत नाही’ हा जुना भरवसा त्याच्यासाठी उरलेला नाही. उलट नोटीस, भरपाई, आणि वर्षभरात पुन्हा भरती निघाली तर काढलेल्यांना आधी संधी, हे सगळं लहान कारखान्यालाही लागू आहे. नोकरी कशानेही संपली, तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा असतो. ‘फुल अँड फायनल’ला तीन महिने लागतात हे वाक्य ऐकून घेऊ नका.

शब्दांचा एक घोळ इथं दूर करायला हवा. आयटीतली मुलं ‘ले-ऑफ झाला’ म्हणतात तेव्हा नोकरी कायमची गेलेली असते. कायद्यातला ले-ऑफ म्हणजे काम नसल्यानं तात्पुरतं बसवून ठेवणं. नोकरी शाबूत असते, नाव हजेरीपटावर राहतं, आणि पन्नास किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात वर्षभर सलग काम केलेल्याला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. टाळेबंदी या शब्दाचंही तेच. गिरणगावात मोठं झालेल्यांना तो शब्द मालकानं गेटला लावलेल्या कुलपासाठी माहीत होता. २०२० मध्ये तोच शब्द सरकारी लॉकडाउनसाठी वापरला गेला आणि काही ठिकाणी मालकांनी त्याच्या आडोशानं आपलंही कुलूप लावून घेतलं. तुमचं काम कशामुळे थांबलं आहे, सरकारी हुकमामुळे की मालकाच्या निर्णयामुळे, हे लेखी विचारा.

आणि तुम्ही ‘एक्झिक्युटिव्ह’ आहात म्हणून कामगार कायदा लागू नाही, असं सांगितलं तर लगेच मान डोलवू नका. व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय याला महत्त्व नाही. तुम्ही खरोखर व्यवस्थापन करता की हातानं, डोक्यानं, तांत्रिक कौशल्यानं नेमून दिलेलं काम करता, यावर ते ठरतं.

प्रत्यक्ष काय करायचं? केबिनमध्ये बोलावून कागद पुढे केला तर त्याच जागी सही करायची नाही. “घरी विचारून उद्या सांगतो” हे वाक्य पुरेसं आहे. ते रागानं म्हणायची गरज नाही. बाहेर आल्यावर लगेच, त्याच दिवशी, एचआरला ईमेल किंवा व्हॉट्सॲप करा. मजकूर असा चालेल : “आज अमुक वाजता आपण मला राजीनामा देण्यास सांगितलंत. माझी नोकरी सोडण्याची इच्छा नाही. मी कामावर येण्यास तयार आहे. कंपनीचा काही निर्णय असेल तर कृपया लेखी कळवावा.” चार वाक्यं. पुढे कामगार न्यायालयात हीच चार वाक्यं उपयोगी पडतात, आणि आश्चर्य वाटेल, पण ती पाठवल्यावर अनेकांना त्या रात्री जरा झोप लागते. आपण काहीतरी केलं, ही जाणीव मोठी असते.

सही आधीच झाली असेल तर? अपराधी वाटून घेऊन गप्प बसू नका. दबावाखाली सही घेतली असेल तर शक्य तितक्या लवकर तसं लेखी कळवा आणि सहायक कामगार आयुक्तांच्या किंवा सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात तक्रार द्या. नव्या संहितेत अशा वादासाठी दोन वर्षांची मुदत आहे. पूर्वी ती तीन होती. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबायचं कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळतो. त्यासाठीचा फोन १५१००.

फाईल

घरात एक प्लास्टिकची फाईल करा. नियुक्तिपत्र, शक्य तितकी पगारपत्रकं, ओळखपत्र किंवा गेट पासचा फोटो, पीएफचा युएएन क्रमांक, ईएसआयचं कार्ड, पगार जमा झाल्याच्या नोंदी दाखवणारं बँकेचं पासबुक. नियुक्तिपत्र दिलंच नसेल तर हजेरीच्या मशीनचा, सुपरवायझरच्या मेसेजचा, कारखान्यातल्या ग्रुपवरच्या शिफ्टच्या यादीचा फोटो काढून ठेवा. नोकरी गेल्याच्या क्षणी कंपनीचा ईमेल बंद होतो, म्हणून त्यातली पगारपत्रकं आधीच उतरवून घ्या.

पीएफच्या बाबतीत दोन सूचना. २०२० मध्ये सरकारनं तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा शिलकीच्या ७५ टक्के, यातली जी कमी असेल ती रक्कम परत न करण्याच्या बोलीवर काढू दिली. ऐन गरजेच्या वेळी कित्येकांचे अर्ज अडकले, कारण आधारवरचं नाव आणि पीएफमधलं नाव जुळत नव्हतं, किंवा जन्मतारीख वेगळी होती. ही दुरुस्ती आज करून घ्या. दुसरं म्हणजे वारसाचं नाव. पीएफच्या सभासदाचा नोकरीत असताना मृत्यू झाला तर ठेव-संलग्न विम्यातून वारसाला सात लाख रुपयांपर्यंत रक्कम मिळते. दुसऱ्या लाटेत नवरा गमावलेल्या कितीतरी बायकांना असा विमा असतो हेच माहीत नव्हतं. बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलीला ही फाईल कुठे आहे ते दाखवून ठेवा.

ईएसआयमध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. टाळेबंदीनंतर तिच्यातला बेकारी भत्ता सरासरी रोजच्या पगाराच्या २५ वरून ५० टक्के केला गेला, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, आणि अर्ज मालकाच्या हातून न जाता थेट शाखेत देता येऊ लागला. गैरवर्तनाची शिक्षा किंवा स्वेच्छानिवृत्ती यामुळे नोकरी गेली असेल तर तो मिळत नाही. कागदावर कोणता शब्द लिहिला जातो, याला किती किंमत आहे ते इथंही दिसतं.

कंत्राटी कामगारानं ठेकेदार पळाला म्हणून हात टेकू नयेत. ठेकेदारानं मजुरी बुडवली तर ती चुकती करण्याची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे ज्या कंपनीच्या गेटातून तुम्ही आत जाता तिच्यावर येते.

धुणीभांडी करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसांपर्यंत यातलं फारसं काही पोचत नाही. एप्रिल २०२१ मध्ये राज्य सरकारनं घरेलू कामगार, बांधकाम कामगार आणि परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १५०० रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी होती, तीही नोंदणी असलेल्यांनाच. म्हणून आपापल्या कल्याणकारी मंडळात नोंदणी करून घ्या आणि दर वर्षी नूतनीकरण करा. बांधकाम कामगाराला त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ई-श्रमचं कार्डही काढून ठेवा. ज्यांच्या घरी मावशी कामाला येतात त्यांना माझं एक मागणं आहे. साथीत त्यांना येऊ नका म्हणायची वेळ आली तर पगार चालू ठेवा, आणि किती महिने चालू ठेवणार ते पहिल्याच दिवशी सांगा. निम्मा देऊ शकत असाल तर निम्मा म्हणा. अंदाज बांधत बसायला लावू नका.

मनाचं काम

व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. १९२९-३० च्या मंदीत तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथं केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुणालाही वाटेल, वेळ मिळाल्यावर लोक वाचतील, सभा-संमेलनं करतील. झालं उलटं. वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. पुरुष रस्त्यानं सावकाश, थांबत थांबत चालू लागले. दिवसभरात काय केलं असं विचारल्यावर त्यांना सांगता येईना. बायका मात्र भराभर चालत, कारण घरचं काम संपलेलं नव्हतं. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या नाक्यांवर उभी राहिलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वर्णन परकं वाटणार नाही.

याहोडानं पुढे मांडलं, की नोकरी पगाराखेरीज आणखी काही देत असते : दिवसाला वेळेची चौकट, घराबाहेरची माणसं, अनेकांनी मिळून एखादी गोष्ट उभी करण्याचं समाधान, समाजात एक नाव, आणि हातांना नियमित काम. नोकरी जाते तेव्हा हे सगळं एकदम जातं. साथीच्या टाळेबंदीत तर नोकरी असलेल्याचंही यातलं बरंच गेलं होतं. मला ही मांडणी फार उपयोगी वाटते, कारण ‘सकारात्मक राहा’ या सल्ल्यानं काय करायचं ते कळत नाही. यातून कळतं.

सगळ्यात आधी दिवसाची चौकट सांभाळा. पहिल्या शिफ्टला जायचात तर त्याच वेळेला उठा, दाढी-आंघोळ करा, कपडे बदला. सकाळचे दोन तास ‘कामाचे’ ठरवा : अर्ज, फोन, फाईल, कामगार कार्यालयाची फेरी. त्यानंतर तो विषय बंद. रात्री अंथरुणावर हिशेब मांडायचा नाही, तो सकाळच्या दोन तासांत वहीवर मांडायचा. दुपारी घरातलं एक काम पूर्णपणे आपल्याकडे घ्या, मग ते पाणी भरणं असो, भाजी निवडणं असो, की मुलांचा अभ्यास. पुरुषांना हे विशेष सांगायचं आहे. मारिएनथालच्या बायका ज्यामुळे तगल्या ते काम तुमच्याही घरात पडलेलं आहे. शिवाय टाळेबंदीत घरच्या बाईवरचा भार दुप्पट झाला होता, आणि तिचीही नोकरी गेलेली असेल तर तिला रडायलासुद्धा वेळ नव्हता.

दुसरं, घरात सांगा. मला माहीत असलेला एक गृहस्थ नोकरी गेल्यावर सहा आठवडे रोज डबा घेऊन बाहेर पडत होता आणि बागेत बसून संध्याकाळी परत येत होता. बायकोला कळलं तेव्हा तिला नोकरी गेल्याचं दुःख कमी आणि सहा आठवडे आपल्याला परकं मानल्याचं जास्त झालं. मुलांना त्यांच्या वयाला कळेल एवढं सांगावं : बाबांचं काम थांबलंय, आपण काही महिने जपून खर्च करणार आहोत, शाळा चालू राहील. मुलांना घरातला ताण कळतोच. कारण कळलं नाही तर ती आपलंच काही चुकलं असं धरून चालतात.

तिसरं, एकटे पडू नका. एकाच खात्यातल्या पाच-सहा जणांनी आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी बोलायचं, पावसाळी हवा असो की टाळेबंदी. कोणाची केस कुठे आली, कुठे भरती आहे, कोण घरात कसा आहे. संघटनेचं काम म्हणजे फक्त मागण्या नव्हेत. न बोलणाऱ्या सदस्याला फोन करणं हेही तिचं काम आहे, आणि २०२० मध्ये ज्यांनी ते केलं त्यांनी माणसं वाचवली असं मी मानतो.

दारूबद्दल स्पष्ट बोलतो. मे २०२० च्या सुरुवातीला दुकानं उघडली तेव्हा लागलेल्या रांगा सगळ्यांनी पाहिल्या. झोप यावी म्हणून घेतलेली दारू पहाटे तीनला जागं करते आणि दुसऱ्या दिवशीची भीती वाढवते. कर्जाचंही तसंच. हप्ता चुकणार असं दिसलं की चुकायच्या आधी बँकेत जाऊन लेखी मुदत मागा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली होती, व्याज मात्र चढत राहिलं. त्यामुळे मुदत घेताना शेवटी किती भरायचे ते विचारूनच घ्या. सावकाराकडे आणि मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे जाऊ नका. त्यांच्या वसुलीच्या फोनांनी खचलेली माणसं मी ऐकली आहेत.

डॉक्टरकडे कधी जायचं? दोन आठवडे झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलं असेल, छातीत धडधड होत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर. तो अशक्तपणा नाही आणि वेडही नाही. करोनाच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्य सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं होतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतात, शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. ईएसआय असेल तर तिथंही हे उपचार घेता येतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं विमा कंपन्यांना मानसिक आजारांवरचे उपचार शारीरिक आजारांप्रमाणेच विम्यात धरायला सांगितलं आहे. घराबाहेर पडणं शक्य नसेल तर १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस सेवा चोवीस तास, मोफत असते आणि मराठीत बोलता येतं.

आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांत रोजंदारी करणारे ३२,५६३ होते, २०२० मध्ये ३७,६६६ आणि २०२१ मध्ये ४२,००४. दोन्ही साथीच्या वर्षांत एकूण आत्महत्यांत महाराष्ट्र देशात पहिला होता. प्रत्येक मृत्यूचं कारण नोकरी होतं असं हे आकडे सांगत नाहीत, आणि रोजंदारांचं प्रमाण आधीपासूनच वाढत होतं. पण धोका कुणाला जास्त आहे ते त्यातून उघड दिसतं. घरातलं माणूस “माझ्यानंतर तुमचं बरं होईल”, “विम्याचे पैसे तरी मिळतील” असं बोलू लागलं, वस्तू वाटून टाकू लागलं, फार दिवसांनी अचानक शांत झालं, तर थेट विचारा : “जीव द्यायचं मनात येतंय का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ओझं उतरतं. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, धोक्याच्या वस्तू दूर करा, १४४१६ लावा किंवा सरळ रुग्णालयात न्या. पोलिस केस होईल या भीतीनं थांबू नका. २०१७ च्या त्याच कायद्यानं असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं आहे आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

ज्यांची नोकरी टिकली त्यांचंही ओझं ओळखा. शेजारच्या मशीनवरचा मित्र गेला, त्याचं काम आपल्याकडे आलं, आणि आपण वाचलो याची लाज. हिंजवडीत रात्री दहालाही मीटिंग घेणाऱ्या टीममध्ये हेच होतं. सुपरवायझर, एचआर, छोटे मालक यांना एवढंच सांगेन : माणसं वाईट बातमी पचवतात, संदिग्धता नाही. “तीस तारखेपर्यंत पगार पूर्ण, पुढच्या महिन्यात साठ टक्के, त्यानंतरचं पंधरा तारखेला सांगू” असं बोला आणि पंधरा तारखेला खरोखर सांगा, सांगण्यासारखं नवं काही नसलं तरी. काढावंच लागलं तर तोंडावर, दिवसाढवळ्या, हिशेबाच्या कागदासकट सांगा.

वाचकहो, आज रात्री जेवणं झाल्यावर कपाटातून नियुक्तिपत्र शोधून काढा, त्यामागे शेवटची तीन पगारपत्रकं लावा, आणि फाईलच्या आतल्या बाजूला पेनानं दोन नंबर लिहून ठेवा : १५१०० आणि १४४१६.